विदेशी नागरिक, ‘राष्ट्रीय सुरक्षा’ आणि प्रवेशबंदी: कोर्टात नेमकं काय मांडता येतं?

सिडको_एन_सात (धागाकर्ता)

१ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरिनर्स ॲक्ट, २०२५ लागू झाला. १९२० चा पासपोर्ट (भारतात प्रवेश) कायदा, १९३९ चा विदेशी नागरिक नोंदणीचा, १९४६ चा फॉरिनर्स ॲक्ट आणि २००० चा विमान-जहाज कंपन्यांच्या जबाबदारीचा, हे चारही कायदे गेले. नव्या कायद्याच्या कलम ३ प्रमाणे राष्ट्रीय सुरक्षा, सार्वभौमत्व, परराष्ट्र संबंध, सार्वजनिक आरोग्य अशा कारणांवरून प्रवेश नाकारता येतो आणि इमिग्रेशन अधिकाऱ्याचा निर्णय ‘अंतिम व बंधनकारक’.

आपल्या मराठवाड्यात याचा संबंध तीन ठिकाणी येतो. विद्यापीठात शिकणारी येमेन-इराककडची मुलं, नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनाला परदेशातून येणारे भाविक, आणि इकडून अमेरिकेला निघालेली इंजिनिअर पोरं. ग्रुपवर दोनच मतं फिरायलेत. एक, परक्या माणसाला हक्क कसले? दोन, घटना सगळ्यांना सारखी. दोन्ही अर्धवट वाटतात. कलमं, निकाल आणि प्रत्यक्ष पायऱ्या माहीत असलेल्यांनी लिहावं. राजकारण नको, त्याला इथं धागे कमी नाहीत.

खंडपीठ_आवार

सुरुवात करतो. ‘हा माणूस धोकादायक आहे की नाही’ हा वाद कोर्टात जवळपास कुणी जिंकत नाही, तो घेऊन जाऊही नये. निर्णय कुणी घेतला, कुठल्या कलमाखाली, समोर कुठला कागद होता आणि ज्याच्याविरुद्ध घेतला त्याला काय कळवलं, एवढ्यावरच खरी लढाई होते. आणि यातलं किती विचारता येईल हे माणूस कुठे उभा आहे यावर ठरतं.

सगळ्यात बाहेर तो, ज्याचा व्हिसा अर्ज परदेशातल्या दूतावासात फेटाळला गेला. त्याच्या हातात जवळपास काही नाही. मग व्हिसा असून विमानतळावरून परत पाठवलेला. त्याच्या आत वैध व्हिसावर राहत असताना ‘लीव्ह इंडिया’ नोटीस मिळालेला. आणखी आत ओसीआय कार्डधारक, म्हणजे भारतीय मुळाचा पण परदेशी नागरिकत्व घेतलेला. आणि शेवटी नागरिक. जितकं आत, तितका कोर्टाचा हात लांब पोहोचतो.

घटनेची मांडणी अशी: कलम १४ आणि २१ कुणाही व्यक्तीला, म्हणजे परदेशी माणसालाही. कलम १९ फक्त नागरिकांना. भारतात राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क १९(१)(ङ) मध्ये आहे, म्हणून तो परदेशी माणसाला नाही. हान्स म्युलर (१९५५) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की परदेशी माणसाला बाहेर काढण्याचा केंद्राचा अधिकार पूर्ण आणि अनिर्बंध आहे. लुई डी राएट (१९९१) मध्ये बेल्जियमचा मिशनरी कित्येक वर्षं इथं राहत होता, तरी निकाल तोच: कलम २१ जीविताचं आणि स्वातंत्र्याचं रक्षण करतं, मुक्कामाचं नाही.

आता ‘अंतिम व बंधनकारक’. या शब्दांनी खात्यातलं अपील बंद होतं. घटनेच्या कलम २२६ आणि ३२ खालचा रिटचा, म्हणजे सरकारी निर्णय तपासून रद्द करण्याचा उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचा अधिकार संसदेला साध्या कायद्याने काढता येत नाही, हे एल. चंद्रकुमार (१९९७) मध्ये सात न्यायाधीशांनी ठरवलंय. तेव्हा दार उघडं आहे. आत गेल्यावर किती ऐकून घेतील तो वेगळा भाग.

दौलताबादी

हे ‘हात लांब पोहोचतो’ प्रकरण मला तितकंसं पटत नाही. गुप्त माहितीचं स्वरूपच असं असतं की एकेक तुकडा क्षुल्लक दिसतो. कुणाचा फोन कुणाला गेला, पैसे कुठल्या खात्यातून आले, एवढंच. ते कोर्टात उघड केलं तर कारण समजतंच, पण माहिती कुठून आली तेही समजतं, आणि तो स्रोत कायमचा संपतो.

इंग्लंडच्या रहमान खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) हेच म्हटलं: सुरक्षेच्या बाबतीत प्रत्येक घटना स्वतंत्रपणे सिद्ध करायची नसते, एकंदर चित्रावरून भविष्यातल्या धोक्याचा अंदाज करायचा असतो, आणि तो करण्याची जबाबदारी लोकांना उत्तर द्यावं लागणाऱ्या मंत्र्यावर आहे. सुनावणी ११ सप्टेंबर २००१ च्या आधी झाली होती, निकाल ऑक्टोबरमध्ये आला, आणि लॉर्ड हॉफमन यांनी त्या हल्ल्याचा उल्लेख करून ताजा कलम जोडला. न्यायाधीश चुकला तर त्याला कुणी निवडणुकीत पाडत नाही. हा मुद्दा ‘हुकूमशाही’ म्हणून उडवून लावण्यासारखा नाही.

खंडपीठ_आवार

@दौलताबादी, मुद्दा मान्य, म्हणून तर मी धोका मोजण्याच्या वादात पडू नका म्हणालो. पण ‘कोर्टाने मोजू नये’ आणि ‘कोर्टाने कागद बघू नये’ या दोन गोष्टी एक नाहीत.

एक्स-आर्मीमेन्स प्रोटेक्शन सर्व्हिसेस (२०१४) मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की सुरक्षेच्या कारणाने नैसर्गिक न्याय, म्हणजे नोटीस आणि सुनावणी, बाजूला ठेवता येतो. त्याच निकालात हेही आहे की असं कारण खरोखर होतं का, हे पाहायला कोर्ट फाइल मागवू शकतं. डिजी केबल (२०१९) त्याच वाटेने गेला. मग ५ एप्रिल २०२३ ला माध्यमम ब्रॉडकास्टिंगचा, म्हणजे मीडियावन वाहिनीचा निकाल आला. सीलबंद पाकिटावर, म्हणजे समोरच्याला न दाखवता फक्त न्यायाधीशांना कागद देण्यावर, कडक टीका झाली. सरकारने आधी दाखवावं की माहिती दडवण्याचं कारण सुरक्षेशी खरोखर जोडलेलं आहे, मग दाखवावं की पूर्ण दडवण्यावाचून दुसरा कमी जाचक मार्ग नव्हता. नावं काळी करून गोषवारा देता येतो, कोर्ट स्वतःचा मित्र-वकील नेमू शकतं. ‘सुरक्षा’ हा शब्द हवेतून काढून फेकता येणार नाही.

लातूर_कोर्टरोड

ते कागदावर. ७ जुलै २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने चेलेबी या तुर्की विमानतळ-सेवा कंपनीची याचिका फेटाळली. सुरक्षा परवानगी १५ मे ला काढून घेतलेली, नोटीस नाही, कारण नाही. सरकारने पाकीट दिलं, कोर्टाने वाचलं, समाधान झालं, संपलं. माध्यममचा मोठा आधार घेतला होता त्यांनी. उपयोग शून्य.

खंडपीठ_आवार

बरोबर. दोन धारा समांतर चालल्यात आणि उच्च न्यायालयं सोयीची धार उचलतात. वकिलाने दोन्ही माहीत धरूनच उभं राहावं. फक्त माध्यमम घेऊन गेलात तर समोरचे डीएसजीआय (केंद्र सरकारचे वकील) एक्स-आर्मीमेन काढणार हे ठरलेलं. फरक दाखवायची तयारी ठेवा: तिथे विमानतळाचं प्रवेशक्षेत्र होतं, इथे अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षातला विद्यार्थी आहे, तातडी कसली?

पैठणगेट

२०२० चं, कोरोनाकाळातलं तबलिगी जमातच्या परदेशी लोकांवरच्या गुन्ह्यांचं प्रकरण आपल्याच, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातलं ना? त्यावर कुणीतरी लिहा. तो निकाल अर्धा वाचून फॉरवर्ड करणारे बहुत झाले.

खंडपीठ_आवार

हो, २१ ऑगस्ट २०२०, न्या. टी. व्ही. नलावडे आणि न्या. एम. जी. शेवलीकर. गुन्हे अहमदनगर जिल्ह्यातले. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांबरोबर नगर, जळगाव, धुळे, नंदुरबारही याच खंडपीठाकडे असल्याने प्रकरण इथं आलं. २९ परदेशी नागरिक, आयव्हरी कोस्ट, घाना, टांझानिया, जिबूती, बेनिन, इंडोनेशिया इथले, आणि त्यांना आश्रय दिला म्हणून काही भारतीय. भारतीय दंड संहिता, साथरोग कायदा, आपत्ती व्यवस्थापन कायदा आणि फॉरिनर्स ॲक्टचं कलम १४, एवढं सगळं लावलेलं. एफआयआर रद्द झाले. परदेशी लोकांना ‘बळीचा बकरा’ केलं हा निकालातला भाग सगळ्यांनी फॉरवर्ड केला, आणि त्यामागचं कायद्याचं कारण कुणी वाचलं नाही.

ते कारण असं. आरोप होता की पर्यटक व्हिसावर धर्मप्रचार केला, म्हणजे व्हिसाची अट मोडली. कोर्टाने व्हिसा नियमावली बघितली. पर्यटक व्हिसावर धार्मिक स्थळी जाणं, प्रवचनाला बसणं याला बंदी नव्हती. बंदी होती ती धर्मविचारांच्या प्रचाराला. मशिदीत राहणं म्हणजे प्रचार नाही. प्रचार केल्याचा पुरावा काय, तर जबाबात ठोस काही नाही. मग फॉरिनर्स ॲक्टचं कलम १४ टिकत नाही. न्या. शेवलीकर निकालाशी सहमत होते, पण कारणमीमांसेच्या काही भागाबद्दल त्यांनी वेगळं मत नोंदवलं. नजीर म्हणून वापरताना हे लपवू नका, समोरची बाजू वाचून दाखवतेच.

आणि ज्यावर सगळे घसरतात ते हे: एफआयआर रद्द होणं आणि काळ्या यादीतून नाव निघणं, दोन स्वतंत्र गोष्टी. एप्रिल २०२० मध्ये गृह मंत्रालयाने ९६० परदेशी नागरिकांना एकाच फटक्यात काळ्या यादीत टाकलं होतं. फौजदारी खटल्यातून सुटलेला माणूस पुढच्या वेळी विमानतळावर अडतो तो या यादीमुळे. त्यासाठी वेगळी मागणी, वेगळी याचिका.

मांजराकाठ

अमेरिकेच्या बाजूने लिहितो. तिथला सिद्धांत आपल्यापेक्षा जुना आणि जास्त कडक आहे.

१८८९ चा चे चान पिंग खटला. चिनी मजूर, परत येण्याचा सरकारी दाखला हातात, जहाज वाटेत असताना संसदेने ते दाखलेच रद्द केले. कोर्ट म्हणालं, परक्यांना वगळणं हा सार्वभौमत्वाचा भाग, आम्ही पडणार नाही. १९५० मध्ये नॉफ: एका अमेरिकन सैनिकाची परदेशी बायको, सुनावणीशिवाय प्रवेश नाकारला, कारण गुप्त. १९५३ मध्ये मेझेई: तो आधी अमेरिकेत कित्येक वर्षं राहिलेला, बाहेर जाऊन आला तर आत घेईनात, दुसरा देशही घेईना, एलिस बेटावर अडकला. तरी कोर्टाने हात वर केले. १९७२ मध्ये क्लाइनडीन्स्ट विरुद्ध मँडेल, तिथून आजचा निकष आला: वरवर पाहता कारण वैध आणि प्रामाणिक दिसलं की कोर्ट त्याच्या मागे डोकावत नाही.

यावर उभा आहे ट्रम्प विरुद्ध हवाई, म्हणजे काही, बहुतांशी मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांवर ट्रम्पने घातलेल्या प्रवेशबंदीचा खटला, २६ जून २०१८, ५ विरुद्ध ४. लोक समजतात की फक्त धर्माचा वाद होता. खरी कायदेशीर गाठ दोन कलमांत होती. इमिग्रेशन कायद्याचं २१२(एफ) राष्ट्राध्यक्षाला ‘हितास बाधक’ वाटणाऱ्या परदेशी लोकांच्या कुठल्याही वर्गाचा प्रवेश थांबवू देतं. १९६५ चं दुसरं कलम म्हणतं की इमिग्रंट व्हिसा देताना राष्ट्रीयत्वावरून भेदभाव नको. बहुमताने दोन्हींची क्षेत्रं वेगळी केली: पहिलं प्रवेशपात्रतेचं, दुसरं व्हिसा वाटपाचं. मग मँडेलच्या थोडं पुढे जाऊन ट्रम्पची भाषणं, ट्वीट वगैरे बघू म्हणाले, पण निकष ठेवला सगळ्यात सौम्य: सुरक्षेशी काहीतरी तर्कसंगत नातं दिसलं की पुरे.

सरकार का जिंकलं याचं उत्तर मसुद्यात आहे. जानेवारी २०१७ चा पहिला आदेश घाईत, ग्रीन कार्डवाल्यांनाही लागू, म्हणून खालच्या कोर्टांत अडकला. मार्चमध्ये दुसरा, त्यातून इराक वगळला. सप्टेंबरमध्ये तिसरा: जगभरच्या देशांची माहिती-देवाणघेवाण तपासली, आठ देश, प्रत्येकाला वेगळी अट, सूट मागण्याची सोय, दर १८० दिवसांनी फेरतपासणी. कागद बांधीव होता म्हणून टिकला. जून २०२५ ची घोषणाही त्याच साच्यातली: १२ देशांवर पूर्ण, ७ देशांवर अंशतः बंदी.

पैठणगेट

आणि आपल्या पोरांचं? त्यांना कुठली बंदी?

मांजराकाठ

बंदी नाही, पण चाळणी तीच. नकाराच्या चिठ्ठीवर कुठलं कलम लिहिलंय ते आधी बघायचं. ९० टक्के गोंधळ इथंच होतो, हा टक्का माझ्या अंदाजाचा.

२१४(बी) असेल तर सुरक्षेचा संबंधच नाही. परत येण्याइतकी मुळं इथं आहेत असं अधिकाऱ्याला वाटलं नाही, एवढंच. परिस्थिती बदलली की पुन्हा अर्ज. २२१(जी) असेल तर नकार कच्चा आहे: कागद कमी किंवा ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह प्रोसेसिंग’. रोबोटिक्स, सेमीकंडक्टर, अणु, एरोस्पेस अशा विषयातल्यांना हे जास्त येतं, कारण संवेदनशील तंत्रज्ञानाची तपासणी वॉशिंग्टनला जाते. कधी डीएस-५५३५ फॉर्म येतो: मागच्या १५ वर्षांचा प्रवास, पत्ते, नोकऱ्या, सगळे जुने पासपोर्ट क्रमांक, भावंडांची नावं-जन्मतारखा, ५ वर्षांचे फोन, ईमेल, सोशल मीडिया खाती. गाव बदललेल्या पोरांचे पत्ते पासपोर्टवर एक, आधारवर दुसरा, डीएस-१६० या व्हिसा अर्जावर तिसरा असतो. तिथेच फाइल लटकते. प्रवासाच्या तारखा आठवणीने न भरता शिक्क्यांवरून भरायच्या. २१२(ए)(३) लिहिलं असेल तर मात्र तो खरा सुरक्षेचा नकार.

कोर्ट? मुनोज खटल्यात (२१ जून २०२४) नवऱ्याचा व्हिसा नाकारला, टोळीशी संबंधाचा संशय, गोंदणं हा वादाचा भाग. बायको अमेरिकन नागरिक. तिलाही कोर्टाने सांगितलं की परदेशी जोडीदाराला देशात आणण्याचा घटनात्मक हक्क नाही. मग इथून अर्ज करणाऱ्याचं काय घेऊन बसलात. विलंबाविरुद्ध मॅंडॅमस, म्हणजे अधिकाऱ्याला काम करायला लावणारा कोर्टाचा आदेश मागता येतो, पण त्यात ‘निर्णय द्या’ एवढंच मागता येतं, ‘व्हिसा द्या’ नाही. काहींना त्यातून मिळतो तो वेगाने आलेला नकार.

गोदातीर_नांदेड

नांदेडच्या बाजूने. परदेशी शीख भाविकांच्या बाबतीत ‘काळी यादी’ ही जुनी गोष्ट. १९८० च्या दशकापासून केंद्राकडे एक प्रतिकूल यादी होती. सप्टेंबर २०१९ मध्ये ३१४ परदेशी शीख नावांपैकी ३१२ काढली. कुणाला का टाकलं होतं, नाव का निघालं, हे यादीतल्या माणसाला कधी कळवलं जात नव्हतं. प्रवेशबंदीचं मूळ दुखणं हेच: आदेशच हातात येत नाही, तर आव्हान कशाला द्यायचं?

आणखी एक नातं. इंग्लंडने करमजीत सिंग चहल यांना राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणाने भारतात पाठवायचं ठरवलं होतं. १५ नोव्हेंबर १९९६ ला युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने थांबवलं. दोन कारणं. जिथे छळाचा खरा धोका आहे तिथे माणूस पाठवायचाच नाही, सुरक्षेशी तोलायचाही नाही. आणि कैदेविरुद्ध दाद मागायची जी सोय होती तीत गुप्त पुराव्याला उत्तर द्यायला कुणीच नव्हतं. त्यातून १९९७ मध्ये तिथं खास अपील आयोग आला. गुप्त कागद बघू शकणारा ‘विशेष वकील’ असतो, पण कागद बघितल्यावर त्याला परवानगीशिवाय अशिलाशी बोलता येत नाही.

आता ओसीआयवाले. त्यांच्याकडे आजीवन व्हिसा, म्हणून गाफील राहतात. मार्च २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे संशोधन, मिशनरी काम, तबलिग, गिर्यारोहण, पत्रकारिता यांना वेगळी परवानगी लागते. दर्शन, लंगर, सेवा यात काही येत नाही. कॅमेरा लावून वाहिनीसाठी चित्रीकरण केलं की पत्रकारितेत येऊ शकतं. कार्ड रद्द होतं ते नागरिकत्व कायद्याच्या कलम ७ड खाली, आणि तिथं सुनावणीची संधी द्यावी लागते, हे कायद्यातच लिहिलंय. ऑगस्ट २०२५ पासून दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली, किंवा सात वर्षं वा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात दोषारोपपत्र आलं तरी कार्ड जाऊ शकतं. दोषारोपपत्र! शिक्षा नव्हे. कौटुंबिक वादातून एफआयआर होतात त्यांनी कलमं नीट बघून घ्यावीत.

रद्द झालं तर कलम १५अ खाली ३० दिवसांत केंद्राकडे पुनर्विलोकन अर्ज. तो न करता थेट रिट टाकली की पहिली हरकत ‘पर्यायी उपाय’ची.

दौलताबादी

सुनावणी दिली म्हणजे निकाल बदलतो असं नाही हे पण लिहा.

गोदातीर_नांदेड

लिहितोच. स्वीडनमधले प्राध्यापक अशोक स्वैन यांचं ओसीआय कार्ड रद्द करणारा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये रद्द केला, कारण त्यात कलमाचे शब्द सोडून काही नव्हतं. सरकारने त्याच महिन्यात नवा, कारणांसह आदेश काढला. पुन्हा कोर्ट. कारण नसल्याच्या मुद्द्यावर जिंकलं की बहुधा मिळतो तो पुढचा, जास्त नीट लिहिलेला नकार. अशिलाला हे आधी सांगायला पाहिजे, फी घेतल्यानंतर नाही.

विद्यार्थी_कक्ष

परदेशी विद्यार्थ्यांचं. खटले सुरक्षेच्या नावाने उभे राहतात, पण बहुतेक वेळा मूळ असतं नोंदणीतली ढिलाई. क्रम असा.

१८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा व्हिसा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी. संभाजीनगर शहरात नोंदणी अधिकारी पोलीस आयुक्त, बाकी जिल्ह्यांत पोलीस अधीक्षक. अर्ज ई-एफआरआरओ या विदेशी नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर, पण पडताळणीला पोलीस घरी येतात. खोली बदलली, कॉलेज बदललं, विषय बदलला, तर आधी परवानगी. ‘नंतर कळवू’ चालत नाही. घरमालकाने २४ तासांत ऑनलाइन कळवायचं, लोक त्याला अजून सी-फॉर्मच म्हणतात. विद्यापीठाजवळच्या गल्ल्यांत घरमालक ते टाळतो, कारण भाडं कागदावर आणायचं नसतं. मग मुलगा ‘पत्त्यावर न सापडलेला’ ठरतो. पुढचा अहवाल त्याच वाक्याने सुरू होतो. नव्या कायद्यात संस्थांवर आणि रुग्णालयांवरही कळवण्याची जबाबदारी टाकली आहे.

व्हिसा संपायच्या आधीच वाढीचा अर्ज टाकायचा. येमेनच्या मुलांचा प्रश्न पासपोर्टचा: देशातल्या यादवीमुळे नूतनीकरण रखडतं, पासपोर्ट संपला की व्हिसा वाढत नाही, आणि तो ‘ओव्हरस्टे’ होतो. नव्या कायद्याने त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दूतावासाकडे अर्ज केल्याची पोच आणि ईमेल तारखेसह जपून ठेवायची. ती पोच असेल तर प्रकरण हलगर्जीचं राहत नाही, अडचणीचं होतं.

लीव्ह इंडिया नोटीस आली तर जादवपूर विद्यापीठातल्या पोलिश विद्यार्थ्याचा निकाल काढा. कोलकाता उच्च न्यायालय, मार्च २०२०. नागरिकत्व कायद्याच्या विरोधातल्या मोर्चात दिसला म्हणून देश सोडायला सांगितलं होतं. नोटीस रद्द झाली: ना सुनावणी, ना कारण. पण हा एकल न्यायाधीशांचा निकाल, तोही दुसऱ्या राज्यातला. आपल्या खंडपीठावर बंधनकारक नाही, वजन टाकण्यापुरताच. त्याच्या जोरावर मोर्चाला जा असं कुणी मुलांना सांगू नये.

शाहगंज_जुना

इतिहासातलं एक. १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर हैदराबाद संस्थानातले बरेच लोक कराचीला गेले, काही परतले. तेव्हा १९४९ चा पाकिस्तानातून येणाऱ्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा होता, त्याच्या कलम ७ प्रमाणे परमिटशिवाय आलेल्या कुणालाही बाहेर काढता यायचं. इब्राहिम वझीर मवत (१९५४) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम नागरिकांपुरतं घटनाबाह्य ठरवलं. फाळणीनंतरची सात वर्षं, वातावरण आजच्यापेक्षा गरम, आणि तरी. म्हणून ‘सुरक्षा’च्या आधी विचारायचा प्रश्न: समोरचा माणूस परका आहे, हे ठरलंय का? १९५७ पर्यंत तर ‘फॉरिनर’च्या व्याख्येत पाकिस्तानी पासपोर्टवालाही बसत नव्हता, कारण तो राष्ट्रकुलातला. त्या वर्षी दुरुस्ती झाली.

खंडपीठ_आवार

@शाहगंज_जुना, हा मुद्दा आज सगळ्यात चालणारा. विदेशी नसल्याचं सिद्ध करण्याचा भार त्या माणसावरच आहे, जुन्या कायद्यात कलम ९, नव्यातही तीच तरतूद. पण रहीम अली (जुलै २०२४) मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की आधी सरकारकडे काहीतरी सामग्री हवी. नुसत्या संशयावर भार फिरवता येत नाही, आणि नावाच्या स्पेलिंगमधल्या किरकोळ फरकावरून माणूस परका ठरत नाही. २ मे २०२५ च्या गृह मंत्रालयाच्या सूचनेत संशयिताच्या गावाकडून पडताळणीला ३० दिवस दिलेत. ती न करता बीरभूमच्या दोन कुटुंबांना दिल्लीतून बांगलादेशात पाठवलं, आणि २६ सप्टेंबर २०२५ ला कोलकाता उच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली.

उलट बाजूही लिहितो. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की आधार, पॅन, मतदार ओळखपत्र असलं म्हणून कुणी नागरिक होत नाही. तेव्हा निर्गम उतारा, वडिलांचा सातबारा, जुनी मतदारयादी हे गोळा करायला लागा.

लातूर_कोर्टरोड

पाकिस्तानी नागरिकांचं एप्रिल २०२५ चं? पहलगामनंतर २७ एप्रिलपासून व्हिसे रद्द, वैद्यकीय व्हिसे २९ पर्यंत. त्यात कुणाची सुनावणी झाली नाही.

खंडपीठ_आवार

झाली नाही, आणि कायद्याने लागतही नव्हती असं माझं मत. हा वर्गाला लागू होणारा आदेश, व्यक्तीविरुद्धचा नव्हे. एका व्यक्तीवर ठपका ठेवला तर कारण सांगा म्हणता येतं. एका देशाच्या सगळ्यांचे व्हिसे रद्द केले की ते परराष्ट्र धोरण होतं, तिथे कोर्ट मागे सरतं. अशा वेळी वकिलाचं काम एकच: आपला माणूस त्या वर्गातून वगळला गेलाय का ते शोधणं. हिंदू पाकिस्तानी नागरिकांचे दीर्घ मुदतीचे व्हिसे कायम राहिले होते. नव्या कायद्याखालच्या सूट आदेशातही पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातल्या सहा समुदायांच्या, ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या लोकांना कागदाविना असल्याच्या कारवाईतून सूट आहे. त्यात मुस्लिम नाहीत, रोहिंग्या नाहीत. समानतेचा हल्ला यायचा तर इथून येईल, कारण कलम १४ ‘व्यक्ती’ला आहे. रोहिंग्यांच्या बाबतीत ८ एप्रिल २०२१ चा सलीमुल्ला आदेश आहे: प्रक्रिया पाळून पाठवा, प्रक्रियेशिवाय नको. सुटका नाही, पण प्रक्रियेचं बंधन आहे.

पैठणगेट

शेवटचं विचारतो. शुक्रवारी संध्याकाळी नोटीस आली, सात दिवसांत देश सोडा. काय करायचं?

खंडपीठ_आवार

नोटिशीवर कलम, सही करणाऱ्याचा हुद्दा आणि बजावल्याची वेळ बघा. पोच देताना ‘निषेधासह स्वीकारली’ असं लिहा आणि वेळ टाका. त्याच रात्री नोंदणी अधिकाऱ्याला ईमेल: कारणं द्या, आधारभूत कागद द्या, तोवर मुदत द्या. उत्तर येणार नाही, पण याचिकेत ‘मागितलं होतं’ हे परिशिष्ट लागतं.

सोमवारी दिवाणी रिट. एफआयआर असेल तर फौजदारी अर्ज वेगळा, दोन्ही एकत्र केले की कार्यालयीन हरकतीत दोन दिवस जातात. प्रतिवादी: केंद्र सरकार गृह मंत्रालयामार्फत, ब्युरो ऑफ इमिग्रेशन, नोंदणी अधिकारी, राज्य सरकार, आणि विद्यार्थी असेल तर विद्यापीठ. विद्यापीठाला सोडू नका, हजेरी आणि वर्तणुकीचा दाखला त्यांच्याकडूनच येतो. प्रत डीएसजीआयच्या कार्यालयात आधी पोहोचवा, नाहीतर सूचना घ्यायला वेळ मागून तारीख जाते. प्रीसिपी (तातडीचा छोटा अर्ज) टाकून सर्क्युलेशन, म्हणजे लवकर बोर्डावर घेण्याची परवानगी, मागा, तातडीच्या रकान्यात देश सोडायची तारीख लिहा.

मागण्या या क्रमाने: मूळ फाइल कोर्टासमोर आणा, दडवायचं असेल तर माध्यममप्रमाणे गोषवारा द्या, नोटीस रद्द करा, अंतरिम संरक्षण. ‘राहू द्या’ असं सरळ मागू नका, त्यावर हान्स म्युलर लगेच येतो. ‘सुनावणी होऊन कारणांसह आदेश होईपर्यंत सक्तीची कारवाई नको’ असं मागा. आणि याचिका प्रलंबित असताना व्हिसाची तारीख उलटणार असेल तर वाढीचा अर्ज पोर्टलवर टाकून त्याचा क्रमांक याचिकेत लिहा. स्थगिती नोटिशीला मिळते, व्हिसाची मुदत तिने वाढत नाही.

पैठणगेट

आणि माणूस आधीच मुंबई विमानतळावरून परत गेला असेल तर?

खंडपीठ_आवार

मग खंडपीठ की मुख्यपीठ हाच पहिला वाद. नकार मुंबईत मिळाला, म्हणून तिकडेच टाकलेलं बरं. बोर्डिंग पास, व्हिसाची प्रत, शिक्का मारलेलं पान आणि एअरलाइनने परत नेताना दिलेला कागद, एवढं त्याच्याकडून आधी स्कॅन करून मागवा. वकीलपत्र आणि प्रतिज्ञापत्र तो आहे त्या देशातल्या भारतीय दूतावासात साक्षांकित करून घ्या किंवा तिथे नोटरी करून अपोस्टिल लावा. त्यालाच पंधरवडा जातो, तेव्हा ते काम पहिल्या दिवशी सुरू करा.